वादळाचं मॉडेल चालवणारी खोली बंद करू नका

माननीय अध्यक्ष आणि नियामक मंडळाचे सर्व सदस्य,

सादर नमस्कार.

गेल्या महिन्यात मंडळाने ठराव केला. भौतिकशास्त्र विभागातली हवामान मॉडेलिंगची प्रयोगशाळा या शैक्षणिक वर्षाच्या शेवटी बंद होणार, तिथला संगणकांचा क्लस्टर भंगारात जाणार, पदव्युत्तर वर्गाचा संख्यात्मक हवामान अंदाज (भौतिकीची समीकरणं संगणकावर सोडवून पुढची हवा काढणं) हा विषय रद्द होणार आणि खोली डेटा सायन्सच्या नव्या अभ्यासक्रमाला मिळणार. ठरावाची प्रत विभागात आली तेव्हा तिच्यात कारणादाखल एकच वाक्य होतं: हवामानाचे अंदाज आता कृत्रिम बुद्धिमत्तेवर होत असल्याने सदर विषय कालबाह्य झाला आहे. विभागप्रमुखांना तोंडी आणखी दोन कारणं सांगण्यात आली, खर्च आणि शोधनिबंधांची संख्या. मी दोन वेळा लेखी अर्ज दिला, एकदा समक्ष भेटीची वेळ मागितली. पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आपल्याला ते माहीत आहे, आणि ज्यांना माहीत नाही त्यांनीही हे वाचावं अशी माझी इच्छा आहे, कारण हेच कारण सांगून उद्या दुसऱ्या कुठल्या कॉलेजातल्या अशाच खोलीला कुलूप लागू शकतं.

मी इथे बावीस वर्षं शिकवते आहे. पण या विषयाशी माझं नातं नोकरीपुरतं नाही, ते आधी सांगते.

माझं माहेर श्रीवर्धन तालुक्यात, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. बाबांची माडा-पोफळींची वाडी. पोफळींच्या वाडीत भर दुपारीसुद्धा जमिनीवर ऊन पडत नाही. पाटाचं पाणी गार असतं, खोडांवर मिरीचे वेल चढलेले असतात. २ जून २०२० च्या रात्री मी कोथरूडच्या घरात बसून कॉलेजच्या क्लस्टरवर 'निसर्ग' चक्रीवादळाचा रन, म्हणजे मॉडेल चालवून काढलेला अंदाज, बघत होते. टाळेबंदी होती, गावी जाता येत नव्हतं. हवामान खात्याचा इशारा आधीच आला होता आणि त्या इशाऱ्यावरूनच भाऊ आईबाबांना घेऊन गावातल्या शाळेच्या पक्क्या इमारतीत गेला. आमचा रन म्हणजे अधिकृत अंदाज नव्हे. विद्यार्थ्यांना मी पहिल्याच तासाला सांगते की आपला नकाशा व्हॉट्सॲपवर टाकायचा नाही, लोकांनी एकाच ठिकाणचं ऐकायचं असतं. पण त्या रात्री मला झोप येणं शक्य नव्हतं, आणि स्क्रीनवर दाबाच्या रेषा गावाकडे सरकताना दिसत होत्या.

३ जूनला दुपारी वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं. वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर. फोन लागेना. पाचव्या दिवशी भावाला कुठल्याशा टेकडीवर रेंज मिळाली, त्याने फोन बाबांच्या हातात दिला. बाबा एवढंच म्हणाले, "वाडीत ऊन पडलंय गं."

पोफळीचं रोप लावल्यापासून धरायला सहा-सात वर्षं जातात. बाबा तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते.

ते वादळ किनाऱ्यावर थांबलं नाही, हे मंडळातल्या पुणेकर सदस्यांना आठवत असेल. घाट चढून ते पुणे जिल्ह्यावरून गेलं. मावळ, खेड, जुन्नरकडच्या पॉलिहाऊसचे कागद फाटले, सांगाडे वाकले. शहरात झाडं पडली. पुण्याला चक्रीवादळाचं काय, असं मला पूर्वी विचारलं जायचं. त्या संध्याकाळनंतर कुणी विचारलेलं नाही.

आता ठरावातल्या 'कालबाह्य' या शब्दाबद्दल. माझी मुख्य तक्रार तीच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी हवामान मॉडेल्स खरोखरच चांगली आहेत. २०२३ मध्ये पांगू-वेदर आणि ग्राफकास्टचे निबंध आले तेव्हा आम्ही ते वर्गात बसून वाचले. दहा दिवसांचा जागतिक अंदाज एका मिनिटाच्या आत, एका यंत्रावर. वादळाचा मार्ग सांगण्यात ती जुन्या मॉडेल्सच्या बरोबरीने, कित्येकदा पुढेही असतात. याचा मला आनंदच आहे. पण ती शिकली कशावरून? ईआरए-५ नावाच्या पुनर्विश्लेषणावरून. १९४० पासूनच्या उपग्रह, फुगे, जहाजं, वेधशाळांच्या नोंदी एका भौतिकी मॉडेलमध्ये मिसळून तयार केलेला तो हवेचा इतिहास. नोंदी जिथे नाहीत तिथली हवा भौतिकीच्या समीकरणांनी भरून काढलेली आहे, आणि अरबी समुद्राच्या मध्यावर नोंदी किती असणार. शिवाय आजचा अंदाज काढायचा तर आजच्या हवेचं चित्र आधी लागतं. ते रोज संख्यात्मक मॉडेलमध्येच नोंदी मुरवून तयार होतं. ज्या विषयाला आपण कालबाह्य म्हणता, त्याच्या खांद्यावर बसून ही नवी मॉडेल्स बघतात.

दुसरं म्हणजे त्यांची नजर. ही मॉडेल्स हवा चौकटी-चौकटींत वाटून बघतात. ग्राफकास्ट आणि पांगू-वेदरची चौकट पाव अंशाची, म्हणजे आपल्या अक्षांशावर साधारण सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटरची. चक्रीवादळाचा डोळा पुष्कळदा वीस-तीस किलोमीटरचा असतो आणि सगळ्यात घातक वारा त्या डोळ्याच्या भिंतीत असतो. अख्खा डोळा एका चौकटीत मावला तर भिंत कुठे दिसणार? म्हणून मार्ग बरोबर येतो, पण वाऱ्याचा जोर कमी येतो. आणि माझ्या बाबांच्या पोफळी पाडल्या त्या जोराने.

हाच धडा आमच्या खोलीत कसा शिकवला जातो, त्याचं एक उदाहरण देते. टाळेबंदी उठल्यावर जी पहिली तुकडी परत आली, तिच्यातल्या एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी 'निसर्ग' घेतलं. जुन्नरकडची मुलगी, घरचं पॉलिहाऊस त्याच वादळात गेलेलं. डब्ल्यूआरएफ या भौतिकी मॉडेलमध्ये तिने एकात एक तीन ग्रिड, म्हणजे चौकटींची जाळी, बसवले, बाहेरचा २७ किलोमीटरचा, त्याच्या आत ९ चा आणि सगळ्यात आत ३ चा. मॉडेल पुढे सरकतं ते वेळेच्या छोट्या छोट्या पायऱ्यांनी. ठोकताळा असा की ग्रिड जितक्या किलोमीटरचा, त्याच्या सहापट सेकंदांपेक्षा पायरी मोठी नको. म्हणजे ३ किलोमीटरला १८ सेकंद. तिने रन लवकर संपावा म्हणून पायरी वाढवली. पहाटे कधीतरी रन फुटला. लॉगमध्ये सीएफएलच्या, म्हणजे पायरी मोठी झाल्याच्या, चुकांची रांग लागलेली. एका पायरीत वारा एका चौकटीवरून पलीकडे उडी मारायला लागला की गणिताचा तोल जातो. तिने चुका आल्या ते बिंदू नकाशावर मांडले, तर ते सगळे सह्याद्रीच्या धारेवर होते. कड्यावरून वर उसळणाऱ्या हवेने गणित मोडलं होतं.

मग तिने पायरी लहान करून तीनही ग्रिडमधली जमिनीची उंची शेजारी शेजारी काढली. २७ किलोमीटरच्या ग्रिडमध्ये सह्याद्री नव्हताच. कोकणातून देशावर जाणारा एक लांबलचक सौम्य उतार तेवढा होता. ९ मध्ये डोंगर उभा राहायला लागला, ३ मध्ये घाट दिसले. वादळ मावळ-जुन्नरला पोचताना वारा कुठे अडला, कुठे खिंडीतून जोरात घुसला, हे फक्त शेवटच्या नकाशात शोधता येत होतं. ती मुलगी बराच वेळ स्क्रीनसमोरून उठली नाही. नंतर तिने एकेक गोष्ट बदलून रन काढले. रन बारा तास आधी सुरू केला. समुद्राचं तापमान रोजच्या रोज बदलू दिलं, मग गोठवून ठेवलं. बाहेरच्या ग्रिडमध्ये ढग स्वतंत्र दिसत नाहीत, म्हणून त्यांचा एकत्रित अंदाज एका ठोकताळ्याने धरावा लागतो. तो ठोकताळा तिने बदलला. प्रत्येक वेळी वादळ थोड्या वेगळ्या जागी, वेगळ्या वेळी, वेगळ्या जोराने किनाऱ्याला लागलं.

समुद्र एक अंशाने थंड असता तर? वरच्या थरातला वारा जोराचा असता तर? हे प्रश्न या खोलीत विचारता येतात, कारण मॉडेलच्या आत काय चाललंय ते उघडून बघता येतं. पाण्याच्या वाफेचे ढगात थेंब झाले की उष्णता सुटते, त्या उष्णतेने गाभा तापतो, दाब घसरतो, वारा वाढतो. यातल्या कुठल्या दुव्यावर बोट ठेवून काय बदललं, हे विद्यार्थ्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. ओखी आठवा. नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस कन्याकुमारीजवळचा कमी दाबाचा पट्टा दिवसभरात चक्रीवादळ झाला आणि समुद्रावर गेलेले शेकडो मच्छीमार परतले नाहीत. वादळ अचानक का जोर धरतं, हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. तो सोडवायला भौतिकी येणारी माणसंच लागतील.

जगातल्या मोठ्या हवामान केंद्रांनी या दोन पद्धतींपैकी एक ठेवून दुसरी टाकलेली नाही. युरोपीय हवामान केंद्राने फेब्रुवारी २०२५ पासून स्वतःचं कृत्रिम बुद्धिमत्तेवरचं मॉडेल रोज चालवायला घेतलं, आणि भौतिकी मॉडेल शेजारी चालूच ठेवलं. आणि आपल्या गावाकडे बघा. पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत सप्टेंबर २०२४ मध्ये 'अर्क' हा ११.७७ पेटाफ्लॉप्स वेगाचा महासंगणक सुरू झाला. तो बसवला तो याच गणितासाठी. मे २०२५ मध्ये तिथेच घडलेलं 'भारत फोरकास्ट सिस्टम' हे ६ किलोमीटरच्या ग्रिडचं मॉडेल देशाला मिळालं. आधीचा ग्रिड १२ चा होता. ग्रिड निम्मा करायचा तर आडव्या बिंदूंची संख्या चौपट होते आणि वेळेची पायरीही निम्मी करावी लागते, म्हणजे काम आठपट. एवढा खर्च देश उगाच करत नाही. १९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्यात आलं. आपण आजही शिवाजीनगरला जाताना रिक्षावाल्याला 'सिमला ऑफिस' म्हणूनच सांगतो. मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं, पण हा विषय पुण्यातून कधी गेला नाही. ज्या शहरात देशातलं सगळ्यात मोठं हवामानाचं गणित चालतं, त्या शहरातल्या कॉलेजने मुलांना ते गणित शिकवणं बंद करावं, हे मला पटत नाही.

खर्चाबद्दल थोडक्यात. मॉडेल फुकट आहे. सुरुवातीच्या हवेचा डेटा फुकट आहे. ईआरए-५ फुकट आहे. यंत्रं जुनीच आहेत, त्यातली चार माजी विद्यार्थ्यांनी दिलेली. राहतं वीज आणि एक एसी. त्या बिलाचा आकडा मी अर्जासोबत जोडला होता.

शोधनिबंध कमी, हे खरं आहे. ही शिकवण्याची प्रयोगशाळा आहे, आणि इथे रोज जे घडतं त्यातलं बरंचसं चुकीचं उत्तर असतं. लुईस फ्राय रिचर्डसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धात रुग्णवाहिकेवर काम करता करता हाताने हवामानाचं गणित मांडलं. सहा तासांत हवेचा दाब १४५ हेक्टोपास्कलने बदलेल, असं त्याचं उत्तर आलं. असा बदल कुठल्याही चक्रीवादळात सहा तासांत होत नाही. त्याने ते चुकलेलं उत्तर १९२२ मध्ये जसंच्या तसं छापलं. पुढच्या लोकांनी त्यात शोध घेतला तेव्हा कळलं की पद्धत बरोबर होती, सुरुवातीच्या नोंदींमध्ये वारा आणि दाब यांचा मेळ नव्हता. १९५० मध्ये एनिॲक या सुरुवातीच्या संगणकावर पहिला संगणकीय अंदाज निघाला तो त्याच वाटेने जाऊन. हा प्रसंग मी दरवर्षी शिकवते. त्या दिवशी रन फुटलेल्या मुलाचा चेहरा जरा सैलावतो.

आणखी एक तक्रार, आणि ही मला सगळ्यात जास्त बोचली. द्वितीय वर्षाच्या सात विद्यार्थ्यांचे प्रकल्प याच क्लस्टरवर अर्धवट आहेत. त्यांना कुणी विचारलं नाही. ठराव झाल्याचं त्यांना नोटीस बोर्डावरून कळलं. प्रवेश देताना माहितीपत्रकात हा विषय छापलेला होता, त्यासाठीच दोघं कोकणातून आणि एकजण उस्मानाबादकडून इथे आला. (धाराशिव म्हणायला हवं, पण त्याच्याच तोंडी अजून जुनं नाव आहे.) विषय मध्येच काढून घेण्याचा अधिकार मंडळाला कागदावर असेलही, पण निदान मुलांशी बोलायचं होतं.

आणि डिस्क. फयान, ओखी, निसर्ग, तौक्ते, या सगळ्या वादळांचे अनेक तुकड्यांनी काढलेले रन त्या कपाटात आहेत. नोव्हेंबर २००९ चं फयान आमच्या खोलीतलं पहिलं वादळ. ते अलिबाग आणि मुंबईच्या मधून किनाऱ्यावर आलं आणि कोकणातले मच्छीमार त्यात गेले. मे २०२१ च्या तौक्तेत मुंबईच्या समुद्रात पी-३०५ बार्ज बुडालं, सत्तरहून अधिक माणसं गेली. त्या वादळांवर मुलांनी केलेलं काम, चुकलेल्या रनसकट, ई-कचऱ्याच्या यादीत घातलं गेलं आहे. ही यादी कुणी केली मला माहीत नाही. करणाऱ्याने डिस्क उघडून बघितल्या नसणार.

एक गोष्ट मंडळाच्या विचारात आलीच नसावी, म्हणून लिहिते. या खोलीतून बाहेर पडलेली सगळीच मुलं शास्त्रज्ञ होत नाहीत. एकजण वर्तमानपत्रात आहे. एक विद्यार्थिनी किनाऱ्यावरच्या एका जिल्ह्यात आपत्ती व्यवस्थापन कक्षात काम करते. वादळाच्या नकाशावर मधली रेघ असते आणि तिच्याभोवती रुंदावत जाणारा शंकू असतो. वादळ त्या शंकूत कुठूनही जाऊ शकतं. बातम्यांमध्ये मात्र रेघच दाखवतात, आणि रेघेपासून चाळीस किलोमीटरवरचा माणूस निर्धास्त झोपतो. हा शंकू का रुंदावतो, हे ज्याने स्वतः दहा रन काढून पाहिलंय तो तहसीलदाराला फोनवर दोन मिनिटांत समजावू शकतो. १९९९ च्या ओडिशाच्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१३ ला फायलिन त्याच किनाऱ्यावर आलं तेव्हा मृतांचा आकडा पन्नासच्या आसपास राहिला. मधल्या काळात मॉडेल सुधारली, आणि त्यांचं म्हणणं समजून लाखो लोकांना वेळेवर हलवणारी माणसंही तयार झाली. अशी माणसं आमच्यासारख्या छोट्या खोल्यांमध्येच घडतात. अरबी समुद्रात अलीकडे वादळं वाढली आहेत आणि जास्त जोराची होत आहेत, हे पुण्यातल्याच शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं आहे. आपल्या किनाऱ्यावर अशी माणसं आणखी लागणार आहेत.

माझ्या मागण्या अशा:

१. प्रयोगशाळा बंद करण्याचा ठराव एक वर्ष स्थगित ठेवावा, आणि त्या काळात विभागाचं, आजी-माजी विद्यार्थ्यांचं म्हणणं मंडळाने समक्ष ऐकावं.

२. काहीही ठरलं तरी द्वितीय वर्षाच्या सात विद्यार्थ्यांचे प्रकल्प पूर्ण होईपर्यंत क्लस्टर चालू राहावा.

३. डिस्क ई-कचऱ्याच्या यादीतून आजच काढाव्यात. त्या ठेवायला विभागात एक कपाट पुरेल.

४. डेटा सायन्सचा नवा विषय जरूर सुरू करावा, पण हा विषय काढून नव्हे. एकाच वादळाचा अंदाज दोन्ही पद्धतींनी काढायचा आणि शेजारी ठेवून तपासायचा, असा एकत्रित अभ्यासक्रम मी लिहून ठेवला आहे. त्याचे जादा तास मी मोबदल्याशिवाय घेईन.

५. या पत्राला पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावं.

मंडळातल्या कुणालाही खोली बघायची असेल तर आठवड्यातल्या कुठल्याही दिवशी यावं. सध्या दोन विद्यार्थ्यांचा तौक्तेचा रन चालू आहे. तीन किलोमीटरच्या ग्रिडला आमच्या यंत्रांवर चार दिवस लागतात, आणि आज दुसरा दिवस आहे. मुख्य स्विच कुणी बंद करू नये, असा कागद मी दारावर चिकटवला आहे.

आपली नम्र,
भौतिकशास्त्र विभागातील एक प्राध्यापिका
पुणे